अॅडिटिव्हचा सुरक्षितता अहवाल कसा वाचायचा: नियामकांच्या पायऱ्या, त्यांच्याच क्रमाने

१४ जुलै २०२३ रोजी अॅस्पार्टेम या कृत्रिम गोडीच्या पदार्थाबद्दल दोन निष्कर्ष एकाच दिवशी जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, त्याला ‘माणसात कर्करोगाला कारण ठरू शकेल’ अशा २बी गटात टाकलं. त्याच संघटनेची अन्न व कृषी संघटनेबरोबरची संयुक्त तज्ज्ञ समिती, जेक्फा, हिने मात्र रोजची स्वीकार्य मात्रा होती तीच ठेवली: शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम. अनेकांनी लगेच ठरवलं की दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय. खरं तर दोघांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती.

असा गोंधळ दर वेळी होतो, कारण आपण मूल्यांकनाच्या मधल्या पायऱ्या गाळून थेट शेवटच्या वाक्यावर उडी मारतो. नियामक संस्था अॅडिटिव्हची, म्हणजे उत्पादनात मुद्दाम मिसळलेल्या घटकाची, तपासणी ठरावीक क्रमाने करतात आणि तो क्रम मोडला की बरोबर आकड्यांतूनही चुकीचा निष्कर्ष निघतो. खाद्यपदार्थ असो की सौंदर्यप्रसाधन, कोणताही अहवाल हातात घेतल्यावर काय आधी पाहायचं, काय नंतर आणि पाय कुठे घसरतो, हे इथे पायरीपायरीने मांडलं आहे.

## तयारी: अहवाल उघडण्याआधी

चार गोष्टी कागदावर लिहून घ्या.

पहिली, पदार्थाची नेमकी ओळख. बाजारातलं नाव पुरत नाही. खाद्यपदार्थ असेल तर युरोपातला ई क्रमांक किंवा आंतरराष्ट्रीय आयएनएस क्रमांक, एरवी सीएएस हा रसायनांचा नोंदणी क्रमांक. एकाच नावाखाली आम्ल, त्याचे क्षार आणि त्याचे एस्टर असे वेगवेगळे पदार्थ फिरत असतात आणि त्यांच्या मर्यादाही वेगळ्या असतात.

दुसरी, वापर कशात आणि शरीरात जाण्याचा मार्ग कोणता: पोटातून, त्वचेतून की श्वासातून.

तिसरी, वापरणारा कोण. प्रौढ, लहान मूल, तान्हं बाळ की तो पदार्थ रोज हाताळणारा कामगार.

चौथी, मूळ अहवाल. बातमी नाही, प्रसिद्धिपत्रकही नाही, समितीने छापलेलं मत. युरोपात खाद्यपदार्थांसाठी ते युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण देतं, म्हणजे एफ्सा. प्रसाधनांसाठी ग्राहक-सुरक्षेची वैज्ञानिक समिती आहे, एससीसीएस. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर जेक्फा. अहवालाचं वर्ष ठळक लिहा, पुढे त्याची गरज पडेल.

सावधान: आयएआरसी ही नियामक संस्था नाही. पुरावा किती भक्कम आहे त्यावरून ती पदार्थांचे गट पाडते. तो पदार्थ किती मात्रेत, किती जोराने अपाय करतो हे त्या गटावरून कळत नाही. १ ते ३ या गटांना विषाची पातळी समजणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे.

## पायरी १: ज्याची चाचणी झाली तोच पदार्थ विकला जातोय का?

समितीचं पहिलं काम पदार्थाची शुद्धता, अशुद्धी, कणांचा आकार आणि टिकाऊपणा पाहणं हे असतं. हा भाग रुक्ष असतो, त्यामुळे बहुतेक जण तो वगळतात. वगळू नका. प्रयोगशाळेत ९९ टक्के शुद्ध पदार्थ तपासला आणि बाजारातल्या मालात शिसं किंवा आर्सेनिक जास्त निघालं, तर पुढचं सगळं मूल्यांकन त्या मालाला लागू होत नाही. म्हणूनच परवानगीसोबत शुद्धतेचे निकष छापलेले असतात.

कणांचा आकार किती महत्त्वाचा ठरतो ते टायटॅनियम डायॉक्साइडमध्ये दिसलं. ई १७१ हा पांढरा रंग. त्यात नॅनो आकाराचे कणही असतात. ते कण पेशींत जाऊन काय करतात हा मुद्दा एफ्साच्या २०२१ च्या मतात केंद्रस्थानी होता. त्याच पदार्थाचे मोठे कण तपासून काढलेले जुने निष्कर्ष त्या प्रश्नाला पुरत नव्हते.

पदार्थ उत्पादनात गेल्यावर त्याचं काय होतं, हेही याच पायरीत तपासलं जातं. बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एकाच पेयात असतील तर उष्णता आणि प्रकाशाने थोडं बेंझीन तयार होऊ शकतं. बेंझीनमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. दोन्ही घटक स्वतंत्रपणे मान्यताप्राप्त आहेत. प्रश्न त्यांच्या एकत्र असण्याचा आहे.

तपासा: चाचणीतला नमुना आणि बाजारातला माल यांची तुलना अहवालात केली आहे का? नसेल तर तशी नोंद करूनच पुढे जा.

## पायरी २: चाचण्यांचा साठा पुरा आहे का?

नियामक संस्था सहसा स्वतः प्राण्यांवर प्रयोग करत नाही. परवानगी मागणारी कंपनी चाचण्या करून घेते, त्यांचा खर्च देते आणि कागदपत्रं सादर करते. इथे संशय येणं रास्त आहे आणि तो कोणी झटकून टाकू नये. त्यावर दोन आवर आहेत. चाचण्या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, ठरवून दिलेल्या पद्धतींनी आणि ‘जीएलपी’ या प्रयोगशाळा-शिस्तीखाली कराव्या लागतात. त्यात मूळ नोंदी जपून ठेवण्याची सक्ती असते. शिवाय युरोपात २७ मार्च २०२१ पासून कंपनीला अन्नविषयक चाचणी सुरू करतानाच ती नोंदवावी लागते. नकोसा निकाल आला म्हणून ती चाचणी गुपचूप गाडून टाकणं त्यामुळे अवघड झालं.

अमेरिकेतली ‘ग्रास’, म्हणजे ‘सामान्यतः सुरक्षित मानलेले’ पदार्थ, ही वाट मात्र वेगळी आहे. कंपनी स्वतःच्या तज्ज्ञांकडून पदार्थ सुरक्षित ठरवून घेऊन एफडीएला न कळवताही तो वापरू शकत आली आहे. माझ्या मते ही या व्यवस्थेतली सगळ्यात कमकुवत जागा आहे. एखादा पदार्थ ‘ग्रास’ आहे असं वाचलंत तर लगेच पुढचा प्रश्न विचारा: एफडीएला कळवलं होतं का, आणि एफडीएने काय उत्तर दिलं?

साठ्यात साधारण या गोष्टी शोधा. डीएनएला इजा होते का हे पाहणाऱ्या चाचण्या: जिवाणूंवरची एम्स चाचणी आणि पेशींवरची मायक्रोन्यूक्लियस चाचणी ही एफ्साची किमान जोडी. उंदीरवर्गीय प्राण्यांना ९० दिवस खाऊ घालून केलेला अभ्यास, त्यात दर गटात किमान १० नर आणि १० माद्या. कर्करोगाचा दीर्घ अभ्यास, त्यात दर गटात दोन्ही लिंगांचे प्रत्येकी ५० प्राणी. प्रजनन आणि गर्भाच्या वाढीवरचा अभ्यास. आणि शरीर त्या पदार्थाचं काय करतं, म्हणजे किती शोषला जातो, कशात मोडतो, कसा बाहेर पडतो.

शोषणाच्या निकालावर बाकीच्या चाचण्यांची गरज ठरते. आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही आणि डीएनएलाही इजा करत नाही अशा पदार्थाला सगळे दीर्घ अभ्यास मागितले जात नाहीत. म्हणून ‘या पदार्थाचा कर्करोग-अभ्यासच झालेला नाही’ हे वाक्य एकटं वाचून घाबरू नका. तो का मागितला नाही, याचं कारण अहवालात असलं पाहिजे. कारण दिलेलं नसेल तर मात्र ती खरी उणीव.

प्रसाधनांच्या बाबतीत एक फरक आहे. ११ मार्च २०१३ पासून युरोपात प्रसाधनांसाठी प्राण्यांवर नवी चाचणी केलेले घटक विकता येत नाहीत. त्यामुळे तिथल्या अहवालांत पेशींवरच्या चाचण्या, संगणकी अंदाज आणि जुने अभ्यास एकत्र जोडलेले दिसतील.

सावधान: डीएनएला थेट इजा करणाऱ्या पदार्थासाठी ‘इतकं चालेल’ अशी मात्रा सहसा ठरवतच नाहीत. या चाचण्यांचा निकाल अनिर्णित असेल तर पुढच्या आकड्यांना आधार उरत नाही. म्हणून हा भाग आधी वाचा.

## पायरी ३: दिसलेला परिणाम खरा, घातक आणि माणसाला लागू आहे का?

समितीतला सगळ्यात जास्त वाद इथे होतो. इंटरनेटवरच्या बहुतेक लेखांत हीच पायरी गायब असते.

प्राण्यांच्या एखाद्या गटात काही फरक दिसला की समिती त्याला प्रश्न विचारते. मात्रा वाढेल तसा परिणामही वाढतो का? की मधल्याच एका गटात दिसला आणि सर्वांत मोठ्या मात्रेला नाहीसा झाला? नर-मादी दोघांत दिसतो का? त्याच प्रयोगशाळेतल्या, त्याच वाणाच्या, काहीही न दिलेल्या प्राण्यांत तो एरवी किती वेळा दिसतो? शेकडो मोजमापं घेतली की त्यांतली काही केवळ योगायोगाने ‘लक्षणीय’ निघणारच. त्यामुळे एका रकान्यातल्या एका आकड्यावर निकाल लागत नाही.

पुढे, बदल घातक आहे की शरीराचं जुळवून घेणं? बाहेरचा पदार्थ मोडायला यकृताला जास्त काम पडलं की त्याचं वजन थोडं वाढू शकतं. सोबत पेशींची हानी किंवा रक्तातल्या निर्देशकांत बिघाड नसेल तर समिती एवढ्यालाच घातक म्हणत नाही.

आणि शेवटी, हे माणसात घडेल का? सॅकरिन या कृत्रिम गोडीच्या पदार्थाचं उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या मात्रेत सोडियम सॅकरिन दिलेल्या नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या आणि १९७७ मध्ये अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला. पुढच्या संशोधनात कारण उलगडलं. नर उंदराच्या मूत्रात प्रथिनं आणि कॅल्शियम फॉस्फेट भरपूर असतं. सॅकरिनच्या मोठ्या मात्रेने तिथे बारीक साका तयार होतो, तो अस्तराला सतत खरवडतो, पेशी पुन्हा पुन्हा विभागतात आणि त्यातून गाठ होते. माणसाचं मूत्र तसं नसतं. त्यामुळे २००० मध्ये अमेरिकेच्या कर्करोगकारक पदार्थांच्या सरकारी यादीतून सॅकरिन वगळलं गेलं.

हा निष्कर्ष कोणी ‘उंदीर म्हणजे माणूस नव्हे’ एवढं म्हणून काढला नाही. यंत्रणेची प्रत्येक कडी दाखवावी लागली. यंत्रणा माहीत नसेल तर प्राण्यात दिसलेला परिणाम माणसालाही लागू आहे असंच नियामक धरतात, आणि तेच योग्य आहे.

तपासा: अहवालात ‘हा परिणाम माणसाला लागू नाही’ असं लिहिलं असेल तर त्याखाली जैविक यंत्रणा दिली आहे का? नुसतं विधान पुरेसं नाही.

## पायरी ४: सुरुवातीचा आकडा कोणता धरला?

सगळ्या अभ्यासांतून सर्वांत संवेदनशील, म्हणजे सर्वांत कमी मात्रेला दिसणारा, घातक परिणाम निवडतात. त्या अभ्यासात ज्या सर्वांत मोठ्या मात्रेलाही घातक परिणाम दिसला नाही ती मात्रा म्हणजे एनओएईएल. अॅस्पार्टेमच्या उंदरांवरच्या दीर्घ अभ्यासात ती दर किलो वजनामागे रोज ४००० मिलिग्रॅम होती.

या आकड्यात एक मूळचा दोष आहे. तो प्रयोगकर्त्याने निवडलेल्या मात्रांवर अवलंबून असतो. समजा १०, १०० आणि १००० मिलिग्रॅम अशा तीन मात्रा दिल्या आणि परिणाम फक्त १००० ला दिसला. एनओएईएल १०० ठरेल. परिणाम प्रत्यक्षात १५० ला सुरू होत असो की ९०० ला, आकडा तोच. कमी प्राणी घेतले तर परिणाम नजरेतून सुटतो आणि आकडा उलट मोठा येतो. म्हणजे कच्च्या अभ्यासाला बक्षीस मिळाल्यासारखं होतं. म्हणून एफ्सा आता ‘बेंचमार्क डोस’ पद्धतीला पसंती देते. सगळ्या मात्रांचे बिंदू जोडणारी वक्ररेषा काढायची, ठरावीक बदल, उदाहरणार्थ १० टक्के, कोणत्या मात्रेला होतो ते पाहायचं आणि त्या अंदाजाची खालची मर्यादा घ्यायची. यात अभ्यास कच्चा असेल तर ती मर्यादा आणखी खाली जाते. अहवालात बीएमडीएल हे अक्षर दिसलं तर हेच समजा.

## पायरी ५: भागाकार

सुरुवातीच्या आकड्याला सहसा १०० ने भागतात. त्यातले १० प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, १० माणसामाणसांतल्या फरकासाठी. ४००० भागिले १०० म्हणजे ४०: जेक्फाचा अॅस्पार्टेमचा आकडा. रोजच्या स्वीकार्य मात्रेला एडीआय म्हणतात.

हे १०० म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. प्राणी-माणूस फरकाचा १० हा पुढे ४ आणि २.५ असा फोडलेला आहे: शरीर पदार्थ कसा हाताळतं यासाठी ४, पेशी त्याला कसा प्रतिसाद देतात यासाठी २.५. एखाद्या पदार्थाची प्रत्यक्ष मोजमापं उपलब्ध असतील तर त्यातला भाग बदलता येतो. अभ्यास छोट्या कालावधीचा असेल किंवा सर्वांत लहान मात्रेलाच परिणाम दिसला असेल तर भाजक वाढवतात.

एडीआय वाचताना होणाऱ्या चुका अशा:

- एडीआयला विषबाधेची सीमा समजणं. आयुष्यभर रोज घेतली तरी दखलपात्र धोका नाही असा अंदाज असलेली ही मात्रा आहे. एखाद्या दिवशी ती ओलांडली म्हणजे इजा झाली असं नाही. ती सतत ओलांडली जात असेल तर मात्र राखलेलं अंतर कमी होत जातं.
- ‘एडीआय नमूद नाही’ याचा अर्थ ‘तपासलंच नाही’ असा घेणं. अर्थ नेमका उलटा आहे: विषारीपणा इतका कमी की आकडी मर्यादेची गरज वाटली नाही.
- तो सगळ्यांना सरसकट लावणं. एफ्साच्या हिशेबात एडीआय १६ आठवड्यांखालच्या बाळांना लागू नाही, जेक्फाच्या हिशेबात १२ आठवड्यांखालच्या. बाळांच्या दुधाच्या पावडरीतल्या घटकांची तपासणी स्वतंत्र होते. फेनिलकीटोन्यूरिया, म्हणजे फेनिलअॅलनीन हा घटक शरीराला नीट मोडता न येण्याचा जन्मजात विकार, असलेल्या व्यक्तींना अॅस्पार्टेमचा एडीआय लागू होत नाही, म्हणून लेबलवर फेनिलअॅलनीनची सूचना असते. अॅलर्जीही या आकड्यात धरलेली नसते.

## पायरी ६: प्रत्यक्षात शरीरात किती जातं?

इथवरचा सगळा हिशेब पदार्थाच्या अंगच्या घातक गुणाचा होता. जोखीम ठरते ती शरीरात जाणाऱ्या मात्रेवरून. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण लोकांचं आरोग्य प्रत्यक्षात इथेच राखलं जातं किंवा निसटतं. म्हणून इथे घाई करू नका.

अन्नाचा हिशेब आधी घेऊ. समिती पहिल्या फेरीत मुद्दाम फुगवलेला अंदाज घेते: परवानगी असलेल्या प्रत्येक पदार्थात कमाल मर्यादेइतका वापर झाला असं धरायचं. तरीही एकूण एडीआयच्या आत राहिलं तर पुढे खोलात जायची गरज उरत नाही. ओलांडलं, तर उत्पादकांनी दिलेले खरे वापराचे आकडे आणि बाजारातल्या नमुन्यांची तपासणी घेऊन पुन्हा हिशेब. त्यातही एकाच ब्रँडला चिकटून राहणारा ग्राहक वेगळा धरतात. सरासरी माणूस आणि भरपूर खाणारा, म्हणजे ९५ व्या शतमानावरचा, असे दोन्ही आकडे दिलेले असतात. तुम्ही दुसरा पाहा.

वजनाने भागायला विसरू नका. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम अॅस्पार्टेम धरू. ७० किलोच्या माणसाचा एडीआय २८०० मिलिग्रॅम होतो, म्हणजे रोज ९ ते १४ कॅन. आता २० किलोचं मूल घ्या. त्याचा एडीआय ८०० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच-पावणेतीन ते ४ कॅन. आणि हेही बाकी कशातूनच अॅस्पार्टेम पोटात गेलं नाही असं धरून. ‘दिवसाला चौदा कॅन कोण पितं’ हे उत्तर प्रौढापुरतं ठीक आहे. मुलाच्या बाबतीत ते कामाचं नाही.

आता प्रसाधन. एससीसीएसच्या प्रमाणित आकड्यांनुसार प्रौढ व्यक्ती अंगाला लावायचं लोशन रोज ७.८२ ग्रॅम वापरते आणि ते सगळं त्वचेवर राहतं. शाम्पू १०.४६ ग्रॅम वापरते, पण धुऊन गेल्यावर त्यातला जेमतेम १ टक्का अंगावर राहिला असं धरतात, म्हणजे सुमारे ०.११ ग्रॅम. आता एक काल्पनिक प्रिझर्व्हेटिव्ह घेऊ: दोन्हींत ०.५ टक्का आणि त्वचेतून शोषण १० टक्के.

लोशन: ७८२० मिलिग्रॅमचा ०.५ टक्का म्हणजे ३९.१ मिलिग्रॅम. त्यातले १० टक्के आत गेले, म्हणजे ३.९१ मिलिग्रॅम. ६० किलो वजनाने भागा: दर किलोमागे ०.०६५ मिलिग्रॅम.

शाम्पू: त्याच रीतीने दर किलोमागे सुमारे ०.०००९ मिलिग्रॅम. लेबलवरची टक्केवारी तीच असून शरीरात जाणाऱ्या मात्रेत सुमारे ७० पटींचा फरक पडला. म्हणून धुऊन टाकायच्या आणि अंगावर ठेवायच्या उत्पादनांसाठी मर्यादा वेगळ्या असू शकतात, आणि म्हणून नुसती टक्केवारी पाहून दोन उत्पादनांची तुलना करू नये.

सावधान: मार्ग बदलला की आधीचं मूल्यांकन संपलं असं समजा. डायअॅसिटिल हा लोण्याचा स्वाद देणारा पदार्थ खाण्यासाठी मान्य होता. अमेरिकेत मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यांत त्याची वाफ रोज श्वासातून घेणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिका कायमच्या आकसल्या. खाण्यासाठीचा शेरा फुप्फुसाला लागू नव्हता. ‘अन्नात चालणारा घटक’ असं म्हणून फवाऱ्यात किंवा वाफेत विकल्या जाणाऱ्या कोणत्याही मालाबद्दल हा प्रश्न विचाराच.

## पायरी ७: दोन आकडे शेजारी ठेवणं

अन्नात शरीरात जाणारी मात्रा एडीआयशी ताडतात. प्रसाधनांत एडीआयऐवजी सुरक्षिततेचं अंतर काढतात: सुरुवातीचा आकडा भागिले शरीरात जाणारी मात्रा, आणि उत्तर किमान १०० हवं.

आपलं काल्पनिक प्रिझर्व्हेटिव्ह पुढे नेऊ. तोंडावाटे दिलेल्या अभ्यासातला एनओएईएल दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅम, पण आतड्यातून अर्धंच शोषलं गेलं, म्हणून रक्तापर्यंतचा आकडा २५. लोशनसाठी २५ भागिले ०.०६५, म्हणजे सुमारे ३८०. पास. आता कंपनीने त्वचा-शोषणाची चाचणी दिलीच नाही असं समजा. मग समिती ५० टक्के शोषण धरते. आत जाणारी मात्रा ०.३२६ होते आणि अंतर ७७ वर येतं. नापास. पदार्थ तोच, लोशन तेच. एका चाचणीच्या अभावाने निकाल फिरला. अहवालात ‘सुरक्षित म्हणता येत नाही’ असं लिहिलं असेल तर ते अपाय दिसला म्हणून आहे की माहिती नाही म्हणून, हे आधी शोधा.

सूक्ष्म अशुद्धींसाठी आणखी दोन मापं भेटतील. डीएनएला इजा करून कर्करोग घडवणाऱ्या अशुद्धीसाठी एफ्सा १०,००० किंवा त्याहून जास्त अंतर असेल तर काळजी कमी मानते. हे टाळता न येणाऱ्या अंशांसाठी आहे, मुद्दाम मिसळायच्या पदार्थासाठी नव्हे. आणि ज्याची विषशास्त्रीय माहितीच नाही अशा अगदी अल्प अंशासाठी रचनेवरून उंबरठा ठरवतात: डीएनएला इजेची शंका असेल तर माणसी रोज ०.१५ मायक्रोग्रॅम.

तपासा: दोन्ही आकड्यांची एककं एकच आहेत ना? मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम आणि नॅनोग्रॅम यांत दर टप्प्याला हजार पटींचा फरक आहे. ‘दर किलो वजनामागे’ हा शब्दसमूह गळला तर आणखी काही दहापट.

## पायरी ८: शास्त्रीय मत आणि कायद्याचा निर्णय वेगळे ठेवा

एफ्सा मत देते, निर्णय युरोपीय आयोग आणि सदस्य देश घेतात. त्यामुळे ‘अमुक ठिकाणी बंदी आहे’ हा पुरावा नव्हे. बंदी कोणत्या कारणाने आली, तिकडे बघा. तीन प्रकरणांतून तीन वेगळी कारणं दिसतात.

टायटॅनियम डायॉक्साइड: मे २०२१ मध्ये एफ्साने म्हटलं की डीएनएला इजेची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून अन्नात सुरक्षित मानता येणार नाही. २०२२ मध्ये युरोपीय संघात बंदी आली. जेक्फाने २०२३ मध्ये ‘एडीआय नमूद नाही’ हा शेरा कायम ठेवला. फरक पडला तो अनिश्चितता कशी तोलायची यावर.

एरिथ्रोसिन, म्हणजे रेड ३ हा लाल रंग: जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने अन्नातली त्याची परवानगी काढली. नर उंदरांत थायरॉइडच्या गाठी झाल्या होत्या. ती यंत्रणा माणसात घडत नाही, असं एफडीएनेच त्या वेळी सांगितलं. पण तिथल्या १९५८ च्या अन्नकायद्यातलं डिलेनी कलम, जे पुढे रंगांनाही लागू झालं, माणसात किंवा प्राण्यात कर्करोग घडवणाऱ्या अॅडिटिव्हला परवानगी देऊ देत नाही. तिसऱ्या पायरीतला ‘माणसाला लागू आहे का’ हा प्रश्न तिथे कायद्यानेच बाद ठरवला आहे.

बिस्फेनॉल ए: हे अन्नात मुद्दाम घालत नाहीत, ते पॅकिंगमधून झिरपतं. एफ्साची २०१५ ची मर्यादा दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅम होती. २०२३ मध्ये तिने ती ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २०,००० पट कमी. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने त्याच वर्षी २०० नॅनोग्रॅम हा आकडा दिला. एका बाजूने उंदरांच्या प्रतिकारपेशींतला बदल निर्णायक मानला, दुसऱ्या बाजूने तो घातक परिणाम म्हणून स्वीकारला नाही. चौथ्या पायरीत निवडलेला परिणाम बदलला की शेवटचा आकडा कुठून कुठे जातो, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

दोन संस्थांचे आकडे जुळत नसतील तर ‘कोण विकलं गेलं’ हा प्रश्न नंतर विचारा. आधी दोन्ही अहवालांतल्या पायऱ्या १ ते ६ शेजारी ठेवा आणि वाट कुठे फुटली ती ओळ शोधा. बहुतेक वेळा ती एकच ओळ असते.

## पायरी ९: पुन्हा तपासणी

परवानगी कायमची नसते. युरोपात २० जानेवारी २००९ पूर्वी मान्य झालेल्या सगळ्या अन्न-अॅडिटिव्हची फेरतपासणी एफ्साकडे सोपवली गेली. त्यात निकाल दोन्ही दिशांनी लागतात. टायटॅनियम डायॉक्साइड गेलं. सॅकरिनचा एडीआय मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये दर किलो वजनामागे ५ वरून ९ मिलिग्रॅमवर गेला, कारण जुना आकडा त्याच उंदरांच्या गाठींवरून काढला होता. म्हणून तुम्ही टिपून ठेवलेलं वर्ष इथे वापरा: त्यानंतर नवं मत आलं आहे का ते पाहा. जुन्या अहवालातला आकडा नव्या लेखांत वर्षानुवर्षं फिरत राहतो.

अहवालाच्या शेवटी ‘अनिश्चितता’ आणि ‘शिफारशी’ असे दोन छोटे भाग असतात. समितीला काय माहीत नव्हतं आणि तिने कोणती माहिती मागितली, हे तिथेच लिहिलेलं असतं. अनेक मतांचा मसुदा आधी लोकांसमोर ठेवला जातो आणि जेक्फाही माहितीसाठी जाहीर आवाहन करते. तुम्हाला आक्षेप घ्यायचा असेल तर तो त्या मुदतीत, लेखी आणि पायरीला धरून घ्या: कोणता अभ्यास सुटला, कोणत्या वयोगटाचा हिशेब धरला नाही, कोणत्या उत्पादनातला वापर मोजला नाही. ‘हे रसायन बंद करा’ एवढ्या वाक्यावर समितीला काही करता येत नाही. ‘सहाव्या पायरीत तीन वर्षांखालच्या मुलांचे आकडे नाहीत, ते इथे आहेत’ या वाक्याची दखल मात्र तिला घ्यावी लागते.